विलंबाचा जाब

इ. स. १६०८ च्या ऑगस्ट महिन्यात ‘हेक्टर’ नावाचे गलबत सुरतेच्या किनाऱ्यास लागून विल्यम हॉकिन्स हा इंग्रज कप्तान तापीकाठच्या ह्या शहरात उतरला, तेव्हा त्याच्यापाशी आपल्या राजाचे पत्र होते, विकावयास माल होता, आणि तुर्की भाषा अवगत असल्यामुळे मोगल दरबारी दुभाष्यावाचून बोलण्याची सोयही होती. नव्हता तो एकच कागद, ह्या मुलखात राहून व्यापार करण्याचा बादशाही परवाना. त्यासाठी तो १६०९ साली आग्र्यास पोहोचला. जहांगीराने त्याला दरबारात मानाची जागा दिली, चारशे स्वारांची मनसब दिली, परवान्याचे वचन दिले, ते मागे घेतले, पुन्हा दिले. आणि १६११ साली हॉकिन्स आग्रा सोडून निघाला तेव्हा पक्का कागद त्याच्या हाती आलेला नव्हता. बादशहाच्या मर्जीवर जेथे सर्व काही अवलंबून, तेथे ‘माझ्या अर्जाचे काय झाले’ हे विचारण्याचे ठिकाण बादशहाखेरीज दुसरे कोणते असणार?

साडेतीनशे वर्षांनंतर पारडे उलटले. सुरत आणि नवसारीकडची माणसे इंग्रजांच्या देशात प्रवेशाची परवानगी मागत वर्षानुवर्षे तिष्ठत राहिली. ह्या वेळी मात्र एक फरक होता. परवाना देणाऱ्या सरकारच्या डोक्यावर संसद बसलेली होती, आणि त्या संसदेला जाब विचारण्याचा अधिकार होता. तो अधिकार विलंबाच्या बाबतीत कितपत चालतो, कोठे अडतो आणि कोठे संसदच विलंबाची जन्मदात्री असते, हा ह्या प्रकरणाचा विषय आहे.

ज्या ठिकाणाहून हा विषय पाहावयाचा ते कोसाड हे सुरतेच्या उत्तर अंगाचे, भरुचकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उत्राणच्या पलीकडचे एके काळचे खेडे आता महानगरपालिकेच्या हद्दीत आले असून, नदीकाठच्या व नाल्याकाठच्या झोपडपट्ट्यांतून हलविलेल्या कुटुंबांसाठी पालिकेने उभारलेल्या आवास वसाहतीमुळे ते शहरभर ओळखले जाते. यंत्रमागाच्या आणि कापड बाजाराच्या ओढीने जळगाव, धुळे, नंदुरबारकडून सुरतेत आलेल्या आपल्या खानदेशी माणसांची संख्या मोठी आहे, आणि ह्या शहराच्या गल्लीबोळांत गुजरातीबरोबर अहिराणीही कानी पडते. मूळच्या गुजराती घरांपैकी कोणाचे आप्त लेस्टरला, कोणाचे न्यू जर्सीला. आणि जो कालपरवा गावाकडून आला तोही आता वेल्डिंगचे काम शिकून आखाती देशात जाण्याचे मनात आणतो. अशा वस्तीत पासपोर्ट, व्हिसा, ‘पोलीस तपासणी’, ‘फाईल पुढे सरकली का’ हे शब्द रोजच्या बोलण्यातले होतात, ह्यात नवल नाही.

नकार आणि विलंब ह्यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. नकार म्हणजे हुकूम. त्यावर तारीख असते, सही असते, बहुधा कारणही असते, आणि म्हणून त्यावर अपील करता येते. विलंबाला यांपैकी काहीच नसते. ज्या अंमलदाराने अर्ज बाजूस ठेवला त्याने कोणताही निर्णय घेतलेला नसतो, आणि ज्याने निर्णयच घेतला नाही त्याचा निर्णय चुकीचा कसा ठरवावयाचा? न्यायालय फार तर ‘निर्णय घ्या’ असा आदेश देते. त्यासाठीही अर्जदाराला वकील गाठावा लागतो, खर्च सोसावा लागतो, आणि ज्या कचेरीकडून मेहेरबानीची अपेक्षा त्याच कचेरीविरुद्ध उभे राहण्याचे धाडस करावे लागते. एका माणसाचा विलंब ही नशिबाची गोष्ट वाटते. हजार माणसांचा विलंब हा कारभाराचा दोष असतो. आणि हजारांचा हिशेब मागण्याचे स्थान कोर्टाहून अधिक संसद हेच आहे.

ब्रिटिश व्हाउचरची कथा ह्या दृष्टीने सविस्तर सांगण्याजोगी आहे. केनिया १९६३ साली स्वतंत्र झाला, तेव्हा तेथील पुष्कळ भारतीय वंशीयांनी, ज्यांत गुजरात्यांचा भरणा मोठा होता, ब्रिटिश पासपोर्ट कायम ठेवला. आणि पुढे तेथील सरकारने व्यापार व नोकऱ्या नागरिकांसाठी राखण्याचे धोरण धरताच ही मंडळी, आपल्या पासपोर्टावर ज्याचे नाव होते त्या देशाकडे निघाली. ती येत आहेत असे पाहून ब्रिटिश सरकारने फेब्रुवारी १९६८ च्या अखेरीस एक विधेयक आणले. जो स्वतः किंवा ज्याचे आई-बाप वा आजा-आजी ब्रिटनमध्ये जन्मलेले अथवा अन्य मार्गाने तेथील नागरिक झालेले नाहीत, त्याच्यापाशी ब्रिटिश पासपोर्ट असला तरी त्याला मुक्त प्रवेश नाही, असा त्याचा मथितार्थ. जेम्स कॅलॅहन गृहमंत्री होते. दोन्ही सभागृहांतून हे विधेयक तीन दिवसांत संमत होऊन १ मार्च १९६८ रोजी अमलात आले. दार लावण्यास संसदेला तीन दिवस पुरले. दाराबाहेर उभ्या राहिलेल्या माणसांची चौकशी करण्यास तिला किती वर्षे लागली, ते पुढे दिसेल.

दार अगदीच बंद दिसू नये म्हणून सरकारने एक खिडकी उघडी ठेवली. वर्षाला १,५०० कुटुंबप्रमुखांना ‘स्पेशल व्हाउचर’ द्यावयाचे, म्हणजे त्यांच्या कुटुंबांनाही येता येईल. हा आकडा पुढे ३,००० व १९७५ साली ५,००० झाला. परंतु ही योजना कोणत्याही कायद्याच्या कलमात नव्हती. तो केवळ प्रशासनाचा शिरस्ता होता, आणि देशवार वाटणीही कचेरीनेच ठरविलेली. पूर्व आफ्रिकेतील रांग कालांतराने ओसरली. जी कुटुंबे मध्यंतरी भारतात येऊन, सुरत-नवसारीकडच्या वडिलोपार्जित घरांत सामान उतरवून, थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे अशा समजुतीने थांबली, त्यांची रांग मात्र रेंगाळली. कारण भारताच्या वाट्याला येणारी व्हाउचरे मोजकी आणि आपल्या पितृभूमीत असलेल्या माणसाला घाई कसली, असा त्यामागचा हिशेब. शाळेत जाणारी मुले ह्या प्रतीक्षेत वयात येत आणि कुटुंबाच्या अर्जातून गळत.

ह्या माणसांचे खरे दुर्दैव वेगळेच होते. हाती ब्रिटिश पासपोर्ट, म्हणून ती भारताची मतदार नव्हती; वास्तव्य भारतात, म्हणून ब्रिटनमध्येही त्यांना मत नव्हते. १९६८ साली सुरतेचे लोकसभेतील प्रतिनिधी होते मोरारजी देसाई, त्या वेळचे उपपंतप्रधान. एवढा वजनदार खासदार असलेल्या ह्या जिल्ह्यातसुद्धा व्हाउचरची रांग दिल्लीच्या अखत्यारीत येत नव्हती, कारण ही माणसे ब्रिटनची जबाबदारी आहेत हीच भारत सरकारची भूमिका होती, आणि तत्त्वतः ती बरोबरही होती. प्रश्न विचारावा तो लंडनलाच. मग लंडनमध्ये विचारणार कोण? ज्याचा भाऊ लेस्टरला किंवा वेम्ब्लीला स्थायिक झालेला, त्याचा भाऊ तेथल्या खासदाराला गाठी. खासदार गृहखात्याला पत्र लिही. पत्राचे उत्तर आले की ते सुरतेस धाडले जाई. आणि ते उत्तर घेऊन पहाटेच्या फ्लाइंग राणीने मुंबई गाठून ब्रिटिश वकिलातीच्या दारी पुन्हा उभे राहावयाचे. ज्याला विलायतेत भाऊ नाही त्याच्या नावाने प्रश्न विचारला जाण्याचा संभव फारच थोडा.

ब्रिटिश संसदेने ह्या विषयाकडे डोळेझाक केली असे म्हणता येणार नाही. १९६८ सालीच कॉमन्स सभेने वंशसंबंध व स्थलांतर ह्या विषयासाठी एक समिती नेमली होती. १९७९ साली खातेवार समित्यांची नवी रचना झाल्यावर गृहव्यवहार समितीच्या एका उपसमितीकडे हे काम आले, आणि तिने १९८१-८२ च्या अधिवेशनात भारतीय उपखंडातून होणाऱ्या स्थलांतराची तपशीलवार तपासणी केली. सरकारी अर्जांतील दिरंगाईवर दाद मागण्यासाठी १९६७ च्या कायद्याने एक संसदीय आयुक्तही नेमलेला होता. पण त्याच्याकडे तक्रार खासदारामार्फतच जावयाची, म्हणजे पुन्हा तोच लेस्टरचा भाऊ.

न्यायालयाचा मार्ग कसा खुंटतो हे १९८३ साली दिसले. मुंबईच्या ब्रिटिश प्रवेश अधिकाऱ्याने एका विवाहित स्त्रीला, ती ब्रिटिश पासपोर्टधारक असूनही, ‘तू कुटुंबप्रमुख नाहीस’ म्हणून व्हाउचर नाकारले. तिचे प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायपीठापर्यंत गेले. तेथे निकाल असा लागला की व्हाउचरच्या नकारावर अपिलाचा हक्कच नाही, आणि स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्धचा कायदाही ह्या कामाला लागू होत नाही. कायद्यात नसलेल्या योजनेवर कायद्याचा अंकुश कसा चालावा? अशा वेळी उरते ती संसदच, आणि संसदेपाशी हुकूम नसतो. असतो तो प्रश्न. मार्च २००२ मध्ये ब्रिटिश सरकारने ही योजना बंद केली. त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने, ज्यांच्यापाशी अन्य कोणतेही नागरिकत्व नाही अशा ब्रिटिश ओव्हरसीज नागरिकांना, म्हणजे ह्याच वर्गातील पासपोर्टधारकांना, पूर्ण नागरिकत्वाच्या नोंदणीचा हक्क दिला. म्हणजे १९६८ साली तीन दिवसांत जे हिरावले गेले त्यातला काही अंश चौतीस वर्षांनी परत आला, आणि तोही त्यांनाच, ज्यांनी मध्यंतरी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व पत्करले नव्हते.

संसदेचा प्रश्न नेटाने विचारला गेला तर काय घडते, ह्याचेही उदाहरण त्याच देशातले आहे, आणि ते विचारणारा गृहस्थ आपल्या शेजारच्या गोव्याच्या वंशाचा. एडनमध्ये गोमंतकीय कुटुंबात जन्मलेले कीथ वाझ १९८७ पासून पूर्व लेस्टरचे खासदार होते, आणि २००७ ते २०१६ ह्या काळात गृहव्यवहार समितीचे अध्यक्ष. त्यांच्या समितीने स्थलांतराचे काम पाहणाऱ्या ‘यूके बॉर्डर एजन्सी’कडून तीन-तीन महिन्यांनी तुंबलेल्या अर्जांचा हिशेब मागण्याचा शिरस्ता पाडला. वर्षातून एकदा विचारलेल्या प्रश्नाला कोणतेही खाते गुळमुळीत उत्तर देऊन निसटू शकते. दर तिमाहीस तेच कोष्टक भरावयाचे असले की मागच्या आणि आजच्या आकड्यांतली विसंगती आपोआप उघडी पडते. नोव्हेंबर २०१२ मध्ये स्वतंत्र मुख्य निरीक्षक जॉन व्हाइन ह्यांनी आपल्या अहवालात नमूद केले की लिव्हरपूलच्या कार्यालयात न उघडलेल्या टपालाच्या दीडशे पेट्या आढळल्या, एके वेळी अशा टपालाची संख्या एक लाखाच्या वर गेली होती, आणि त्यांत अर्जदारांची, त्यांच्या वकिलांची आणि चक्क खासदारांचीही पत्रे होती. लोकप्रतिनिधीचे पत्र ही दिरंगाईवरची शेवटची मात्रा अशी आपली समजूत. ती मात्राच बाटलीबंद पडून होती! २५ मार्च २०१३ रोजी समितीचा अहवाल निघाला. चालू गतीने ही तुंबलेली प्रकरणे संपण्यास चोवीस वर्षे लागतील असा तिचा हिशेब होता. दुसऱ्याच दिवशी गृहमंत्री थेरेसा मे ह्यांनी ती एजन्सी मोडीत काढून तिचे काम पुन्हा गृहखात्यात घेतल्याचे सभागृहात जाहीर केले. पाटी बदलल्याने अर्ज निकाली निघत नाहीत हे खरे. परंतु आकडा उघड झाल्याखेरीज पाटीदेखील बदलली नसती.

आता आपल्या घरचे पाहू. आपल्याकडे १९६७ पर्यंत पासपोर्ट हा सरकारच्या मर्जीचा भाग समजला जाई. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी ह्यांच्या खटल्यात तीन विरुद्ध दोन अशा मताधिक्याने परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच अंश असल्याचे ठरविले, आणि जूनमध्ये संसदेने पासपोर्ट कायदा केला. त्या कायद्याने नकाराची कारणे नोंदविण्याचे बंधन घातले, अपिलाची तरतूद केली; अर्ज किती दिवसांत निकाली काढावा ह्याची मुदत मात्र घातली नाही. महाराष्ट्राने आपल्या कचेऱ्यांसाठी २००५ साली जो दप्तरदिरंगाईचा कायदा केला, त्यात कोणतीही नस्ती सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक एका मेजावर राहू नये असे म्हटले आहे. पण पासपोर्ट हे केंद्राचे काम, आणि कोसाड गुजरातेत. तेव्हा त्या कायद्याचा येथल्या मराठी माणसाला अभिमानापलीकडे उपयोग नाही.

विलंबावर संसदेने शोधलेले जे खास भारतीय औषध, त्याचा संबंध गुजरातेतल्या एका मराठी माणसाशी आहे. बडोद्यास जन्मलेले, अहमदाबादेत वकिली केलेले, मूळचे रत्नागिरीकडचे गणेश वासुदेव मावळंकर हे लोकसभेचे पहिले अध्यक्ष. मंत्री सभागृहात उठून ‘माहिती मागविली आहे’, ‘प्रकरण विचाराधीन आहे’ अशी वाक्ये बोलतात आणि अधिवेशन संपताच ती हवेत विरतात, हे ध्यानी घेऊन त्यांच्या कारकीर्दीत, १ डिसेंबर १९५३ रोजी, सरकारी आश्वासनांची समिती स्थापन झाली. मंत्र्याच्या तोंडून निघालेले ठरावीक नमुन्याचे शब्द हे आश्वासन धरावयाचे, ते तीन महिन्यांत पुरे करावयाचे, न झाल्यास मुदतवाढ समितीकडे मागावयाची, असा तिचा प्रघात आहे. माझ्या मते प्रश्नोत्तराच्या तासाच्या गाजावाजापेक्षा ही अबोल समिती विलंबाच्या कामी अधिक मोलाची आहे. कारण प्रश्नाचे आयुष्य काही मिनिटांचे, आणि समितीच्या नोंदवहीत चढलेले आश्वासन निकालात निघेपर्यंत जिवंत राहते. दुर्दैवाने वर्तमानपत्रांना तिच्यात रस नसतो.

प्रश्नोत्तरांत मंत्र्याला पकडणे ही निराळी कला आहे. मधु लिमये ह्यांच्यासारखा सदस्य नियमावली तोंडपाठ ठेवून उपप्रश्नांनी मंत्र्याची त्रेधा उडवीत असे. आज लोकसभेत दिवसाला वीस प्रश्न तोंडी उत्तरासाठी निवडले जातात, त्यांतले थोडेच पुकारले जातात, आणि उरलेल्यांची लेखी उत्तरे पटलावर ठेवली जातात. पासपोर्टाच्या विलंबावरील अशी लेखी उत्तरे वाचणाऱ्याने एक शब्दप्रयोग हेरून ठेवावा: पासपोर्ट सरासरी इतक्या दिवसांत दिला जातो, ‘पोलीस तपासणीचा काळ वगळून’. जेथे खरा उशीर होतो तेवढाच काळ वजा करून सरासरी काढली तर ती सुबक येणारच! पोलीस हे राज्याचे खाते. म्हणून केंद्रीय मंत्री राज्याकडे बोट दाखवितो, आणि राज्यातले ठाणे बंदोबस्ताचे कारण सांगते. एकवीस दिवसांत तपासणी पुरी झाल्यास पोलीस खात्याला अधिक मोबदला आणि उशीर झाल्यास कमी, अशी व्यवस्था केंद्राने केली, ती ह्याच कारणाने. हुकूम चालत नाही तेथे पैशाने काम करवून घेण्याचा तो प्रकार आहे. कचेऱ्यांची सुधारणा नाकबूल करण्याचे कारण नाही. २०१० पासून पासपोर्ट सेवा केंद्रे उघडू लागली, आणि २०१७ च्या जानेवारीत म्हैसूरबरोबर गुजरातेतल्या दाहोदच्या टपाल कचेरीतही असे केंद्र सुरू झाले. सुरतेला तर स्वतःचे पासपोर्ट कार्यालय आहे. पण आवास वसाहतीत घर बदलत राहणाऱ्या भाडेकरूच्या पत्त्याची तपासणी ही अडचण कोणत्याही संगणकाने सुटलेली नाही.

१९९३ पासून खात्यांच्या स्थायी समित्या अस्तित्वात आल्या; परराष्ट्र व्यवहाराच्या समितीने पासपोर्ट व व्हिसा देण्याच्या यंत्रणेचीही तपासणी केली आहे. ह्या समित्यांना दैनंदिन प्रशासनात लक्ष घालण्यास नियमानेच मनाई आहे, आणि शिफारशी बंधनकारक नाहीत. एका अर्जदाराची फाईल तेथे उघडत नाही. उघडते ती कचेरीची पद्धत.

संसदेची देखरेख उलट्या दिशेनेही वापरली जाते, हे सांगितल्यावाचून चित्र पुरे होणार नाही. नागरिकत्व दुरुस्ती कायदा डिसेंबर २०१९ मध्ये संमत झाला आणि १० जानेवारी २०२० पासून अमलात आला. त्याखालील नियम मात्र ११ मार्च २०२४ रोजी प्रसिद्ध झाले. कायदा झाल्यावर सहा महिन्यांत नियम करावेत, न जमल्यास दोन्ही सभागृहांच्या दुय्यम विधिविधान समित्यांकडून मुदतवाढ घ्यावी, असा दंडक आहे. गृहखात्याने अशी मुदतवाढ पुनःपुन्हा मागितली आणि ती पुनःपुन्हा मिळाली. त्या कायद्याविषयी कोणाचे काहीही मत असो. ज्यांच्यासाठी तो केला असे सांगण्यात आले त्यांना चार वर्षे अर्जाचा नमुनादेखील मिळाला नाही, आणि त्या दिरंगाईवर शिक्का उमटला तो दिरंगाई रोखण्यासाठी नेमलेल्या समित्यांचाच.

अमेरिकेची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तेथला विलंब मुख्यतः कारकुनाचा नाही, कायद्याचा आहे. कोणत्याही एका देशाच्या लोकांना ग्रीन कार्डांच्या वार्षिक कोट्यातील सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळू नये, असे तेथील काँग्रेसनेच ठरविले आहे. मग भारतासारख्या देशाची रांग दशकांत मोजावी लागते, आणि पुण्याहून किंवा सुरतेहून गेलेल्या अभियंत्याची मुले एकवीस वर्षांची होताच आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतात. ही मर्यादा नोकरीवर आधारित अर्जांपुरती काढून टाकणारे विधेयक प्रतिनिधिगृहात जुलै २०१९ मध्ये ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत झाले. सेनेटनेही डिसेंबर २०२० मध्ये आपला वेगळा मसुदा संमत केला. दोन्ही मसुद्यांचा मेळ न बसल्याने कायदा झालाच नाही. कचेरीला जाब विचारणारी संसद स्वतःच रांगेची जनक असते तेव्हा जाब मतदारानेच विचारावा लागतो, आणि रांगेतल्या माणसाला तेथे मत नसते.

कोसाडच्या वाचकाला मात्र मत आहे. २०२४ साली सुरतेची लोकसभेची जागा बिनविरोध गेल्यामुळे ते त्याला वापरता आले नाही, हा भाग निराळा. बिनविरोध निवडून आलेल्या सदस्यालाही प्रश्नाची सूचना देता येते, आणि मतदाराने त्याला पत्र लिहावयाचे झाल्यास त्यात गाऱ्हाण्याऐवजी फाईल क्रमांक, अर्जाची तारीख आणि अर्ज कोणत्या टप्प्यावर अडला आहे, एवढे तीन तपशील असावेत. शक्य तर एकाच्या नव्हे, वसाहतीतल्या दहावीस अर्जांचे एकत्र, कारण सभागृहात व्यक्तीच्या तक्रारीपेक्षा पद्धतीचा दोष लवकर ऐकला जातो. सार्वजनिक हिताच्या विषयावर लोकसभेकडे थेट विनंतीअर्जही करता येतो. तो हिंदीत किंवा इंग्रजीत असावा लागतो. मराठीत अथवा गुजरातीत लिहिला तर सोबत ह्या दोहोंपैकी एका भाषेतील भाषांतर, अर्जदाराच्या सहीनिशी, जोडावे.